जुन्या एस्टीमला टर्बो: बजेट ८० हजार, हात नवखे, गाव नागपूर

एस्टीम_एमएच३१ (१२ मार्च, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय घरी आहे. १.३ लिटर, १६ व्हॉल्व, ८५ हॉर्सपॉवर, १,४२,००० किलोमीटर झालेत. गाडी विकायची नाही. ती आली तेव्हा मी आठवीत होतो, आणि आजीला काटोलहून नागपूरला दवाखान्यात न्यायचं-आणायचं काम तिनंच केलं. गाडी वजनाला हलकी आहे, स्टिअरिंग अजून सरळ आहे. फक्त चौथ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना दम कमी पडतो.

मला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) लावायचा आहे. प्लग, ब्रेक पॅड, कूलंट, पट्टे हे मी घरीच करतो, पण इंजिन कधी उघडलं नाही. ८० हजार बाजूला ठेवलेत. भंगारात डिझेल स्विफ्टचा टर्बो ८ हजाराला मिळून राहिला आहे. ६ पीएसआय बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) ठेवला तर ओरिजिनल ईसीयूवर (पेट्रोल आणि स्पार्क ठरवणाऱ्या कॉम्प्युटरवर) चालेल का? टर्बो इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड कुठे बनवायचा? आणि आपल्या मे महिन्यात हे टिकेल का? अनुभव असेल त्यांनी मोकळेपणानं सांगा.

गॅरेजकाका (१३ मार्च, सकाळी ७.०५)

भाऊ, टर्बो मंग पाहू. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमंदी किती दाब होते ते) काढलं का?

इंजिन गरम कर. चारही प्लग काढ. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढ, इग्निशनचा कनेक्टर काढ. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धर अन् एकेका सिलिंडरले कॉम्प्रेशन गेज लावून पाच-सहा फेरे स्टार्टर मार. चार आकडे लिहून इथं टाक. आकडा किती हाय त्याच्यापेक्षा चारही जवळजवळ हाय का ते पाहाचं. एखादा १०-१५ टक्क्यांनी खाली असन तर त्या सिलिंडरमंदी चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा पाह्य. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. नाई आला तर व्हॉल्व नाई तर गॅस्केट.

हवा दाबून भरशीन तर ते जिथं कमजोर असन तिथूनच बाहेर निंगते. मी तीस वर्षं इंजिनं बांधून राह्यलो. टर्बोनं इंजिन गेलं असं लोक म्हणतात, पण इंजिन आधीच गेलेलं असते, टर्बो फक्त ते दाखवून देते.

लॅम्ब्डा (१३ मार्च, दुपारी १.२०)

काकांचं पहिलं. ते झाल्याशिवाय पुढचं वाचलं तरी उपयोग नाही. पण प्रश्न चांगले आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

डिझेलचा टर्बो: नको. डिझेल इंजिनाचा धूर पूर्ण लोडवर साधारण ७५०-८०० अंशांपर्यंत जातो. पेट्रोलचा सहज ९०० च्या वर. टर्बाइनची चाकं आणि हाउसिंग त्या तापमानासाठी वेगळ्या धातूची असतात. डिझेलचा टर्बो काही दिवस चालेल, मग हाउसिंगला भेग जाईल. ८ हजार वाचवण्यासाठी पूर्ण काम दोनदा करावं लागेल. पेट्रोल गाडीचाच छोटा टर्बो शोधा.

ओरिजिनल ईसीयू: नाही. कंपनीचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट आला की ईसीयूला वाटतं, थ्रॉटल फक्त पूर्ण उघडलंय. तो तेवढंच पेट्रोल देतो आणि स्पार्कचं तेवढंच ॲडव्हान्स टायमिंग ठेवतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, स्पार्क लवकर: नॉकिंगला (पेट्रोल अवेळी धडाक्यानं पेटण्याला) लागतं ते सगळं जमलं. पिस्टनच्या वरच्या रिंगेखालचा भाग तुटायला एक लांब ओव्हरटेक पुरतो.

आता उन्हाळा. हे मी मुद्दाम हिशेब करून सांगतो, कारण बहुतेक व्हिडिओ थंड देशातले असतात. ६ पीएसआय म्हणजे हवा साधारण १.४ पट दाबली. जानेवारीच्या सकाळी बाहेर १२ अंश असतील आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा ५५ अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात ४५ अंशांची हवा आत घेतली तर तीच ९० च्या वर जाते. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले होते, त्या दिवसाचा हिशेब तुम्हीच करा. इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारी जाळी) कितीही मोठा लावला तरी तो हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यात तो एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे त्या दोघांना गरम वारा देतो. पुण्यातला ट्यून (पेट्रोल आणि टायमिंगची जुळणी) नागपुरात मे महिन्यात तसाच चालवायचा नाही. आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि त्यानुसार टायमिंग मागे घेणारा तक्ता हवाच.

कळमन्याचा_गडी (१३ मार्च, दुपारी २.०२)

स्वस्तातला एक मार्ग आहे ना. बूस्ट वाढला की फ्यूएल प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर मिळतो. ओरिजिनल ईसीयू तसाच ठेवून तो लावतात.

लॅम्ब्डा (१३ मार्च, दुपारी २.३०)

ओळखीतल्या एका गाडीत तोच लावला होता. पेट्रोल कसंबसं पुरलं, टायमिंग जिथल्या तिथं राहिलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं. नवख्या माणसाला तर मी तो अजिबात सुचवणार नाही, कारण तो लावला की चूक कुठे होतेय ते दिसतच नाही.

लिनियावाली (१३ मार्च, रात्री ९.१५)

माझ्याकडे लिनिया टी-जेट आहे. १.४ लिटर, कंपनीनंच टर्बो दिलेला, ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर. २०१० मध्ये आली होती. जुनी सेडान आणि टर्बो हवा असेल, तर तयार गाडी घेणं हा सर्वात प्रामाणिक सल्ला. पिस्टन, रेडिएटर, ऑइल कूलिंग, क्लच, सगळं त्या टर्बोचा विचार करून बनलेलं असतं.

पण तुमची गाडी बाबांची आहे, ते मला समजतं. म्हणून दुसरं सांगते. भंगारात गेलेल्या टी-जेटचा टर्बो शोधा. आयएचआयचा आहे, लहान आहे, पेट्रोलसाठी बनलेला आहे, वेस्टगेट (जास्तीचा धूर बाजूनं सोडून बूस्ट आवरणारी झडप) आतच आहे, आणि तेलासोबत कूलंटनंही थंड होतो. १.३ लिटरला कमी बूस्टवर तो छान जमेल. घेताना शाफ्ट बोटानं हलवून बघा. आडवी किंचित हालचाल चालते, पुढे-मागे हालचाल असेल तर ठेवून द्या. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील तरी ठेवून द्या.

क्लेमवाला (१४ मार्च, सकाळी १०.१०)

मी विमा सर्व्हेअर आहे. इथे हे कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए नव्या रूपात आलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंड भरता येतो. मला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. विमा कंपनीला न सांगता इंजिनात बदल केला आणि अपघात झाला, तर क्लेम अडतो. समोरचा माणूस जखमी असेल तर पुढची वर्षं कोर्टात जातात. अशी घरं मी पाहिली आहेत. बाबांच्या नावावरची, रोज वर्धा रोडवर धावणारी गाडी यासाठी वापरू नका.

एस्टीम_एमएच३१ (१६ मार्च, संध्याकाळी ६.३०)

काका, आकडे काढले. पीएसआयमध्ये १८२, १८०, १७६, १४०. चौथ्यात ऑइल टाकून १७१. म्हणजे रिंगा.

गाडी रोज चालवतो, धूर नाही, ॲव्हरेजही ठीक. मला काहीच जाणवलं नव्हतं. खरं सांगतो, आकडा बघून हात थंड पडले. त्या दिवशी टर्बो घेऊन आलो असतो तर बाबांची गाडी मीच मारली असती.

गॅरेजकाका (१६ मार्च, रात्री ८.००)

बरं झालं पाहलं ते. आता त्या गाडीचं हाफ इंजिनचं काम कर. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, अन् हेड उतरवलंच हाय तर व्हॉल्व घासून घे. बोअरचं माप नीट घेतलं पाहिजे, हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे जाशीन तर बोअर गेजनं मोजून देईन. नुसत्या डोळ्यानं पाहून रिंगा टाकणारा असन तर त्याच्याकडे जाऊ नको. मी पाच दिवसांत गाडी बांधून देईन, पण तू दररोज येऊन बसाचं. शिकाचं असन तर हात काळे झाले पाहिजे.

ऑटोक्रॉस_ताई (१७ मार्च, सकाळी ८.४५)

माझं ऐकशील का? बाबांची गाडी नीट बांध आणि रस्त्यावर तशीच ठेव. दुसरी जुनी एस्टीम शोध, रस्त्यावर न जाणारी. बंद मैदानावर ऑटोक्रॉस (शंकू मांडून आखलेल्या वाटेवरच्या शर्यती) होतात तिथे ती ट्रेलरवरून न्यायची. कायमचे रेस ट्रॅक आपल्याला लांब आहेत. चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा, तिन्ही हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. पण शंकूंचं मैदान वर्षातून दोन-तीनदा कुठेतरी जवळ मिळतंच.

आणि तिथे गेलास की कळेल की १३ इंची चाकं आणि मागचे ड्रम ब्रेक आधी हात टेकतात. चांगले टायर, ताजं ब्रेक फ्लुइड, समोरचे नवे पॅड, हे टर्बोच्या आधी. मी तीन वर्षं ८५ हॉर्सपॉवरवरच चालवली आणि त्यातच शिकले.

एक गोष्ट मात्र मला आवडते, या इंजिनाच्या घराण्यात टर्बो परका नाही. याच जी मालिकेतल्या एक लिटरच्या इंजिनाला सुझुकीनंच १९८० च्या दशकात कल्टसमध्ये टर्बो दिला होता. पण कंपनीनं त्यासाठी कॉम्प्रेशन रेशो खाली आणला होता. आपण साध्या पिस्टनवर करणार, म्हणून बूस्ट कमी ठेवायचा.

एस्टीम_एमएच३१ (२ जून, रात्री १०.५०)

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही, कारण काकांच्या गॅरेजात होतो. बाबांची गाडी झाली. आता चारही सिलिंडर १८८ ते १९२. बाबा चालवून आले आणि म्हणाले, "अरे, ही तर पहिल्यासारखी झाली." त्यांना एवढंच हवं होतं, आणि मलाही बहुतेक तेच हवं होतं. तो खर्च ८० हजारांत धरत नाही, तो घरचा खर्च.

दुसरी एस्टीम शोधायला कॉम्प्रेशन गेज खिशात घेऊन फिरलो. चार गाड्या पाहिल्या. तिघांनी प्लग काढू दिले नाहीत किंवा आकडे वाईट निघाले. चौथी कामठीकडे एका शेडमध्ये उभी होती. आरसीची मुदत संपलेली, मालकाला नूतनीकरण करायचं नव्हतं. सीट उंदरांनी खाल्लेल्या, पण चारही सिलिंडर १७८ च्या वर. २५ हजारांत घेतली आणि क्रेनवर टाकून आणली. ती रस्त्यावर धावणार नाही, हे आईला शब्द दिलाय.

@लॅम्ब्डा, आता ईसीयूचं सांगा.

लॅम्ब्डा (३ जून, रात्री ११.३०)

आता मन लावून वाचा, खरं काम हेच आहे.

स्पीडुइनो घ्या. अर्ड्युइनो मेगावर चालणारा मुक्त स्रोत ईसीयू आहे, जोडायला हात स्वच्छ हवेत, बाकी अवघड नाही. त्यावरचा मॅप सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत वाचतो, म्हणजे बूस्ट त्याला दिसतो. सोबत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा). हा तुमच्या यादीत नव्हता. तो टर्बोपेक्षा महाग पडेल आणि तरीही तोच आधी घ्यायचा.

क्रम असा. टर्बो न लावता ईसीयू बसवा. गाडी नैसर्गिक श्वासावर पूर्ण ट्यून करा: थंड स्टार्ट, आयडल, अर्ध थ्रॉटल, पूर्ण थ्रॉटल. यात दोन महिने जाऊ देत. चूक झाली तर गाडी फार तर बंद पडेल, फुटणार नाही. हे जमलं की टर्बो लावल्यावर फक्त तक्त्याच्या वरच्या ओळी नव्या असतात.

पेट्रोलबद्दल. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि सिलिंडरमध्ये थंडावाही मिळतो, नॉकिंगसाठी हे चांगलंच. पण तेवढ्याच हवेला ७-८ टक्के जास्त इंधन लागतं आणि २० वर्षांपूर्वीचे रबरी पाइप त्यानं फुगतात. टाकीपासून रेलपर्यंतचे पाइप बदला, क्लॅम्पसकट. आणि गेजवर हवा-पेट्रोलचं गुणोत्तर वाचू नका, लॅम्ब्डा वाचा (१ म्हणजे हवा नेमकी पुरेशी, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त). शुद्ध पेट्रोलला १४.७ बरोबर असतं, ई२० ला साडेतेराच्या आसपास. लॅम्ब्डा १ मात्र दोन्हीकडे १ च. पूर्ण बूस्टवर ०.८० ते ०.८२.

इंजेक्टरचा हिशेब: ११० हॉर्सपॉवर धरली तर ८५ टक्के ड्यूटीवर (म्हणजे ८५ टक्के वेळ उघडा) प्रत्येकी साधारण २०५ सीसी प्रति मिनिट. त्यावर ई२० ची वाढ. २४० सीसीचे घ्या. टायमिंग सुरुवातीला दर पीएसआयला एक अंश मागे घ्या, मग लॉग (ईसीयूनं नोंदवलेले आकडे) बघून ठरवू.

बुलडी_वेल्डर (५ जून, सकाळी ९.००)

मॅनिफोल्डसाठी सायलेन्सरचा पातळ पाइप वापरू नका, लाल होऊन वाकतो. स्टीम लाइनचे (वाफेच्या पाइपांचे) जाड बेंड घ्या, फ्लँज (हेडला बसणारी सपाट पट्टी) १० मिमीच्या वर. वेल्डिंग करताना फ्लँज जुन्या हेडला बोल्टनं आवळून ठेवा, नाही तर ओढून वाकडा होतो. झाल्यावर एकदा सरफेस ग्राइंड. आणि टर्बोचं वजन एकट्या मॅनिफोल्डवर टाकू नका, ब्लॉकपासून एक आधार द्या.

एस्टीम_एमएच३१ (१४ डिसेंबर, रात्री ९.२०)

आज टर्बो चालला.

मधले महिने थोडक्यात. ऑगस्टपर्यंत ईसीयू बसला. थंड स्टार्टनं तीन आठवडे रडवलं. दोष कूलंट सेन्सरच्या तक्त्यात होता, सेन्सर दुसऱ्याच गाडीचा निवडला होता. सप्टेंबर-ऑक्टोबर टर्बोशिवाय ट्यूनिंग. दिवाळीनंतर मॅनिफोल्ड. लिनियावाली ताईंनी सांगितलेला टर्बो मिळाला, शाफ्ट घट्ट होता.

खर्च पूर्ण लिहितो, पुढच्याला कामी येईल. ईसीयू आणि वायरिंग १६,५००. वाइडबँड १९,०००. टर्बो ११,०००. मॅनिफोल्ड, डाउनपाइप आणि वेल्डिंग १३,०००. इंजेक्टर ५,०००. पंप ३,०००. जुना इंटरकूलर ४,५००. तेल-पाण्याच्या लाइनी आणि गॅस्केट ५,५००. क्लच ६,०००. एकूण ८३,५००, गाडीचे २५,००० वेगळे. लॅम्ब्डा दादांनी लॉग बघण्याचा एक रुपया घेतला नाही आणि काकांनी जागा दिली, नाही तर हा आकडा खूप वर गेला असता.

सकाळी मैदानावर गेलो. ट्रेलरवरून. हवा १४ अंश. ॲक्च्युएटरमध्ये मऊ स्प्रिंग आहे, ५ पीएसआयवर वेस्टगेट उघडतो. दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० च्या वर गाडी पुढे सरकली आणि तो शिट्टीसारखा आवाज आला. मी लगेच पाय काढला, नुसताच बसून राहिलो. ताई बाजूच्या सीटवर होत्या, म्हणाल्या, "आता लॉग बघ, मग आनंद कर." लॅम्ब्डा ०.८१. नॉकिंग नाही. आत जाणारी हवा ३१ अंश.

एक अडचण आहे. चार-पाच फेऱ्यांनंतर आयडलवर निळा धूर येतो. गाडी धावताना नाही, फक्त उभी असताना. टर्बोचे सील गेले का?

गॅरेजकाका (१४ डिसेंबर, रात्री ९.४१)

फोटो टाक. तेल परत येते तो पाइप खालून दिसला पाहिजे.

एस्टीम_एमएच३१ (१४ डिसेंबर, रात्री १०.१०)

टाकला.

गॅरेजकाका (१४ डिसेंबर, रात्री १०.२२)

सील नाई गेले. पाइप पाह्य, मधात पोट धरलं हाय त्यानं. टर्बोत तेल दाबानं जाते, पण परत येताना कोणी ढकलत नाई, ते फक्त उतारानं येते. पाइपात खोलगा झाला की तेल तिथं साचते, टर्बोत तुंबते अन् सीलातून धुरात जाते. अन् सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याले) जिथं भोक केलं ते पण खाली हाय, तेलाच्या पातळीच्या आत. ते वर घे. पाइप जाड अन् सरळ खाली, कुठीच आडवा नको. सम्प उतरवाव लागन. उद्या ये, मी हाय.

लॅम्ब्डा (१४ डिसेंबर, रात्री १०.३०)

काकांचं बरोबर. टर्बोत तेल नेणाऱ्या फीडच्या पाइपच्या तोंडाशी तेल आवरणारा बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर आहे का तेही बघा. आणि मार्चअखेर वेळ ठेवा, उन्हाळ्याचा तक्ता वेगळा करू. आत जाणारी हवा ७० च्या वर गेली की बूस्टमध्ये टायमिंग आणखी तीन-चार अंश मागे. मे महिन्यात दुपारी गाडी काढायचीच नाही.

एस्टीम_एमएच३१ (१७ डिसेंबर, रात्री ८.५५)

सम्प उतरवला, भोक वर घेतलं, जाड पाइप सरळ खाली आणला. रिस्ट्रिक्टर होता. २० मिनिटं आयडलवर ठेवली, धूर नाही. सम्प काढला तेव्हा तेलात बारीक वेल्डिंगचे कण दिसले, म्हणून तेल आणि फिल्टर पुन्हा बदलतोय. रविवारी सकाळी सातला मैदान मिळालंय. ताई, ट्रेलर तुमचाच आणायचा का?

ऑटोक्रॉस_ताई (१७ डिसेंबर, रात्री ९.१०)

हो, साडेपाचला गॅरेजपाशी. बाबांनाही घेऊन ये.